परिशिष्टातली कोंडाबाई

"...आणि ही कोंडाबाई तुला भेटली कुठे?"

मुजावर सरांनी प्रबंध मागच्या बाजूनं उघडला होता. ही त्यांची जुनी खोड. प्रस्तावना, उद्दिष्टं, गृहीतकं यांना हातही न लावता ते आधी परिशिष्टं वाचत. माणूस पुढच्या पानांत जपून बोलतो आणि मागच्या पानांत बेसावध असतो, असं त्यांचं म्हणणं.

मकरंद वाळिंबेला वाटलं होतं, सर सही करतील, चहा होईल आणि दुपारच्या गाडीनं आपण पुण्याला परत.

"कोंडाबाई... हिवरगोंडीला, सर."

"कधी?"

"दोन वर्षांपूर्वी. मार्चमध्ये."

"हं."

सर बोट त्या ओळीवर ठेवून बसून राहिले. ओळ अशी होती: कोंडाबाई तातोबा खिलारे, वय ८१, मु. हिवरगोंडी, जात्यावरच्या ओव्या, सात.

आता हा प्रबंध काय प्रकरण होतं ते सांगायला हवं. विद्यापीठानं पीएच.डी.ची एक नवी वाट काढली होती. सर्जनशील लेखन हेच संशोधन. म्हणजे अर्ध्या प्रबंधात स्वतः लिहिलेली कादंबरी आणि उरलेल्या अर्ध्यात त्याच कादंबरीचं सैद्धांतिक विवेचन. मकरंद या वाटेवरचा पहिला. हुशार होताच, आणि ते त्याला पुरेपूर माहीतही होतं. दुसऱ्या प्रकरणात चौसष्ट पानं खर्चून त्यानं सिद्ध केलं होतं, की लेखक नावाचं कुणी नसतंच, असतात ते फक्त संहितेचे धागे. मुखपृष्ठावर मात्र स्वतःचं नाव असं ठसठशीत छापून घेतलं होतं, की रस्त्यापलीकडून वाचता यावं.

कादंबरीचा जीव होता सात ओव्यांत. त्या त्यानं स्वतः लिहिल्या होत्या, वसतिगृहाच्या चौदा नंबरच्या खोलीत, एका रविवारी, एका बैठकीत. इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण प्रगती अहवालाच्या वेळी समितीतल्या एका बाईंनी विचारलं, "यात क्षेत्रकार्य कुठे आहे?" क्षेत्रकार्य म्हणजे गावोगाव हिंडून माणसांकडून सामग्री गोळा करणं. मकरंद काही उन्हातान्हात हिंडणाऱ्यांतला नव्हता. त्यानं विवेचनात लिहून टाकलं, की या ओव्या एका वृद्ध स्त्रीकडून मिळाल्या.

मग त्या स्त्रीला नाव लागलं. गाव एसटी स्टँडवरच्या फलकावरून उचललं, आडनाव एका दुधाच्या टेम्पोवरून. वय एक्क्याऐंशी ठेवलं. ऐंशी लिहिलं असतं तर खोटं वाटलं असतं.

समिती खूश झाली. मकरंदला अपराधी वगैरे काही वाटलं नाही. उलट आपली चलाखी त्याला थोडी आवडलीच.

उद्या संध्याकाळी पाचच्या आत प्रबंध विद्यापीठात पोहोचायचा होता. सहा वर्षं झाली होती. मुदत दोनदा वाढवून झाली होती, तिसऱ्यांदा वाढणार नव्हती. मार्गदर्शक म्हणून सरांची सही तेवढी राहिली होती. ती झाली नाही तर सहा वर्षं पाण्यात. आणि माहिती देणारी बाईच खोटी निघाली, तर पुढच्या नोकरीचं नावसुद्धा काढायला नको.

"घर कसं आहे तिचं?" सरांनी विचारलं.

"साधंच, सर. दगडमातीचं."

"दार?"

"दार..." मकरंदनं क्षणभर वेळ घेतला. कादंबरीकारच तो. "निळं."

"निळं?"

"निळं. अगदी गडद."

सर उठले. खुंटीवरची टोपी डोक्यावर ठेवली, चपला पायात सरकवल्या.

"चल."

"कुठे?"

"हिवरगोंडीला. सव्वाअकराची गाडी आहे. प्रबंध घे बरोबर."

मकरंदच्या तोंडचं पाणी पळालं.

गाडीत चढताना कुणाच्या तरी पिशवीच्या बंदात अडकून त्याच्या शर्टाचं वरचं बटण तुटलं. ते शोधायला वाकायचीही सोय नव्हती, इतकी दाटी. पुढे एकेक गाव मागे पडत गेलं तशी गाडी रिकामी झाली. शेवटच्या अर्ध्या तासात ते दोघेच उरले.

खरं सांगून टाकावं, असं त्याला वाटेत दोनदा वाटलं. दोन्ही वेळा तो समोरच्या सीटच्या दांडीकडे पाहत राहिला. मग त्याला दुसरं काहीतरी सुचलं आणि जरा हायसं वाटलं.

"सर, ती आता असेल की नाही सांगता येत नाही. वय झालं होतं. मागच्या वर्षी आजारी आहे, असं कळलं होतं."

"मारलीस?"

"...नाही, म्हणजे..."

"सहज विचारलं."

सर पुन्हा खिडकीबाहेर पाहू लागले.

गाडी त्यांना उतरवून निघून गेली. दुपारचा एक वाजला होता. फाट्यावर बाभळीचं एक झाड आणि त्याखाली बसायला दगड. गाव पन्नासएक पावलांवर. पण गावात माणूस दिसेना. माणसं शेतावर गेली असतील म्हणावं, तर शेतंही मोकळी पडली होती. कुत्रं भुंकलं नाही. कुठल्या घरातून टीव्हीचा आवाज नाही, भांड्याचा नाही. ऊन तेवढं कुठे कमी नव्हतं.

"पुढे हो," सर म्हणाले. "तू आला आहेस ना इथे?"

मकरंद पुढे झाला. पहिल्या वळणाला तो उगाचच डावीकडे वळला. दुसऱ्याला उजवीकडे. मनात हिशेब असा, की चार गल्ल्या फिरायच्या, कपाळावरचा घाम पुसायचा आणि म्हणायचं, घर सापडत नाही, सगळं बदललंय.

तिसऱ्या वळणावर तो थांबला.

समोर दगडमातीचं घर होतं. दार निळं होतं. अगदी गडद.

त्यानं दाराला हात लावला आणि लगेच मागे घेतला. बोटांना रंग लागला होता. अजून ओला होता.

दार आतून उघडलं. पन्नाशीची एक बाई पदर सावरत उभी होती. हातात रंगाचा कुंचला.

"आलासा व्हय? या की. आत्याबाई कवाच्या वाट बघत्यात."

"कुणाची?" मकरंदनं विचारलं. आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही.

"तुमचीच की. सकाळी धा-साडेधाच्या सुमाराला एकदम हाक मारली मला. म्हनल्या, दार निळं कर. मी म्हनलं, आज काय सण हाय? तर म्हनत्यात, ते पोरगं तिकडं निळं सांगून बसलंय. त्येला उगं खोटं पडाया नगं."

मकरंदनं सरांकडे पाहिलं. सर टोपी काढून, डोकं वाकवून आत शिरत होते.

आत थंड होतं आणि अंधारं. डोळे सरावायला वेळ लागला. भिंतीशी जातं होतं आणि जात्यापाशी एक म्हातारी. सुरकुतलेली, हाडकुळी, पण ताठ. डोळ्यांची बुबुळं पांढरी पडलेली. खुंटा तिच्या मुठीत होता आणि जातं फिरत होतं. आत दाणा नव्हता. दगडावर दगड नुसता घासत होता.

"बस," म्हातारी म्हणाली.

तो बसला. सर उंबऱ्याजवळ टेकले.

म्हातारीनं गळा खाकरला आणि गाऊ लागली.

दळन मी दळीते, पीठ पडंना जात्यात
कोन गातं माझ्या मुखी, कोन बसलं गळ्यात

ही मकरंदची पहिली ओवी. मग दुसरी आली, मग तिसरी. शब्दाला शब्द, त्याच क्रमानं. पाचव्या ओवीत त्यानं छपाईच्या आधी एक शब्द बदलला होता. म्हातारीनं बदललेला नाही, आधीचा म्हटला.

सात संपल्या. जातं फिरतच राहिलं.

तो सरांच्या कानाशी सरकला. "सर, हे तुम्ही जमवून आणलंत. हिच्याकडून पाठ करून घेतलंत."

"कादंबरी तू मला आज सकाळी दिलीस," सर म्हणाले. "साडेनऊला."

ते खरं होतं. सर काटछाट सुचवतील या भीतीनं कादंबरीचा भाग त्यानं आजवर त्यांच्यापासून दूरच ठेवला होता. पाचव्या ओवीतला तो जुना शब्द तर कुणीच पाहिलेला नव्हता.

"सात न्हेल्यास," म्हातारी म्हणाली. "आठवी टाकलीस."

आठवी होती. त्या रविवारी सातवी लिहून झाल्यावर मकरंदचे हात थांबलेच नव्हते. आठवी आपोआप उतरली होती. त्यानं ती वाचली, तिचा अर्थ लागेना, आणि सिद्धांतात ती कुठे बसवावी तेही कळेना. शिवाय ती वाचताना खोलीत आपल्यामागे कुणीतरी उभं आहे असं त्याला वाटलं होतं. त्यानं ती लगेच पुसून टाकली आणि जेवायला निघून गेला. मेसमध्ये वांग्याची भाजी होती, एवढं त्याला लख्ख आठवत होतं. त्या ओवीबद्दल तो कुणाशी कधी बोलला नव्हता.

"म्हनू?" म्हातारीनं विचारलं.

त्यानं मान हलवली. नको म्हणून हलवली की म्हण म्हणून, ते त्याला सांगता आलं नसतं. तिला तर दिसतही नव्हतं.

आठवी माझी ओवी, न्हाई सांगायाची कुना
जेनं मला जन्म दिला, त्येला मीच दिला पुना

जातं थांबलं.

गंमत अशी, की जो प्रश्न आता मकरंदच्या तोंडून निघाला तो सहा वर्षांत त्यानं कुणाला एकदाही विचारला नव्हता.

"आजी... या ओव्या कुणाच्या?"

म्हातारीचा चेहरा एकदम उजळला. बोळक्या तोंडानं ती हसायला लागली, पार डोळ्यांत पाणी येईस्तोवर.

"म्हनलास. आजी म्हनलास!"

ती कुंचलेवाली बाई, म्हातारीची सून, दारातून म्हणाली, "बघा, मी न्हवं का म्हनत, येडं झालंया हे मानूस." पण तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

"सोळाची हुते," म्हातारी सांगू लागली. "नवी नवरी. जात्यावर बसले की ह्या वव्या तोंडात यायच्या. कुठनं, ते मला काय ठावं? सासू कडक. म्हनली, ह्या आमच्या गावच्या न्हाईत, तुज्या म्हायेरच्या बी न्हाईत. कुनाकडनं शिकलीस? आता सून सोताच्या मनानं रचती म्हनलं असतं, तर ठिवलं असतं का मला घरात? म्हनलं, म्हायेराला एक शिकल्यालं पोरगं आलं हुतं. उन्हातान्हाचं गावोगाव हिंडून वव्या लिवून घेनारं. त्येनं आमा समद्या बायकांस्नी वाचून दावल्या."

"आलं होतं असं पोरगं?"

"कुठलं येतंय! मीच केलं."

मकरंदनं मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

"मग सासू म्हनली, त्येचं नाव काय? मग नाव घातलं."

"...काय घातलं?"

"मकरंद. कीर्तनात ऐकल्यालं, ग्वाड वाटलं. आडनाव वाळिंबे. तालुक्याला त्या नावाचा एक सायेब हुता, सासरा त्येचं नाव घ्यायचा, तेच लावलं. गाव पुनं. वय म्हनलं एकोनतीस. तीस म्हनलं असतं तर सासूला खोटं वाटलं असतं."

बाहेर ऊन तसंच होतं. मकरंदला गेल्याच महिन्यात एकोणतीस पूर्ण झाली होती.

"तेवढ्यानं बी तिचा इस्वास बसंना," म्हातारी पुढे म्हणाली. "मग म्हनलं, त्येच्या शर्टाची वरली गुंडी तुटल्याली हुती. असं कायतरी बारकं सांगितलं की मानसं गप बसत्यात. हाय नव्हं तुटल्याली?"

त्याचा हात आपोआप गळ्याशी गेला.

"आन् मग गुंडीनं काम भागलं, तर मीच चुकले. म्हनलं, ते मला आजी म्हनतंय. सासूनं बरोबर धरलं. म्हनली, सोळा वर्साच्या पोरीला आजी कोन म्हनंल?"

"मग?"

"म्हनलं, पुढं म्हनंल."

ती पुन्हा हसली. मग हसू ओसरलं आणि तिनं हात पुढे केला. मकरंदनं नकळत आपला हात तिच्या हातात दिला. तिचा तळवा खरखरीत होता आणि चांगला गरम होता. खोट्या माणसाचा हात असा नसतो, असं त्याच्या मनात आलं. आणि लगेच दुसरा विचार आला, आपला हात तिला कसा लागत असेल?

"लई वर्सं लावलीस रं," ती म्हणाली. "पर मी सोडलं न्हाई. रोज वव्या झाल्या की म्हनते, ह्या मकरंद वाळिंब्याच्या. येक दिस चुकवला न्हाई. म्हंजी... येकच चुकला. घरात मयत झालं हुतं, त्या गडबडीत ऱ्हाऊन गेलं. तू पाचेक वर्साचा असशील. त्या दिसी तुला कायतरी झालं हुतं का रं?"

मकरंद पाच वर्षांचा असताना एकदा सकाळपासून दुसऱ्या दिवसाच्या सकाळपर्यंत बेशुद्ध पडून होता. ताप नव्हता, मार लागलेला नव्हता. डॉक्टरांनी हात टेकले होते. आई अजूनही त्या दिवसाचं नाव काढत नसे.

त्यानं हात सोडवून घेतला.

"येतो, आजी."

"ये. बरं वाटलं. मी तुला जरा उंच केला हुता," म्हातारी म्हणाली आणि खुंट्याकडे वळली.

सून दारापर्यंत पोचवायला आली. हलक्या आवाजात म्हणाली, "मनावर घिऊ नगा. हल्ली लई इसरत्यात. काल माजंच नाव आठवंना त्यास्नी. दोनदा इचारलं, तू कोन म्हनून."

परतीची गाडी यायला वेळ होता. दोघं फाट्यावरच्या दगडावर बसले. गावाकडून जात्याची घरघर ऐकू येत होती. येताना ती कशी ऐकू आली नव्हती, कोण जाणे.

सरांनी प्रबंध मांडीवर घेतला आणि तिसरं पान काढलं. या पानावर दोन दाखले असतात, वर मार्गदर्शकाचा आणि खाली संशोधकाचा. सरांनी खिशातून पेन काढलं आणि काही न विचारता वरच्या दाखल्याखाली सही केली. तारीख घातली. मग पेन आणि प्रबंध मकरंदच्या हातात दिला.

सकाळपासून ज्या सहीसाठी त्याचा जीव टांगणीला लागला होता, ती ही अशी झाली. त्याला आनंद व्हायला हवा होता.

खालचा दाखला त्याचा. त्यात एकच वाक्य होतं. यातील सर्जनशील लेखन माझे स्वतःचे असून, परिशिष्टात नोंदवलेल्या माहितीदात्यांना मी प्रत्यक्ष भेटलो आहे.

सकाळी या वाक्याचा पहिला अर्धा भाग खरा होता आणि दुसरा खोटा. आता दुसरा खरा झाला होता. पण म्हातारी खरी, तर ओव्या त्याच्या नव्हेत, आणि ओव्यांशिवाय कादंबरीत होतं काय? आणि ओव्या त्याच्याच म्हणाव्यात, तर मग म्हातारीनं आत्ता जे सांगितलं त्याचं काय करायचं? चौसष्ट पानं लिहून लेखक नसतो असं सिद्ध करणाऱ्या माणसाला भरदुपारी, फाट्यावर बसून, स्वतःच्या नावाची सही करता येईना.

शेवटी त्यानं ठरवलं. कोंडाबाईलाच काढून टाकायचं. परिशिष्टातली ओळ खोडायची, खाली आद्याक्षरं टाकायची. ओव्या माझ्या, मीच लिहिल्या, विषय संपला. समितीचं पुढे पाहता येईल.

त्यानं मागचं पान उघडलं आणि पेनाचं टोक तिच्या नावावर ठेवलं. पहिल्या अक्षरावर बारीकशी रेघ उमटली.

जातं थांबलं.

गावावर अशी शांतता पसरली, की त्याला स्वतःचा श्वास ऐकू आला. त्यानं पेन उचललं.

घरघर पुन्हा सुरू झाली. पण अडखळत, दमल्यासारखी.

असेल योगायोग. त्यानं मनाचा हिय्या केला आणि टोक परत कागदाला टेकवलं. अजून रेघ ओढलीही नव्हती. जातं थांबलं. आणि या वेळी घरातून सुनेची हाक ऐकू आली, घाबरलेली. "आत्याबाई? ओ आत्याबाई!"

मकरंदच्या हातातून पेन गळून पडलं.

बऱ्याच वेळानं जातं फिरू लागलं.

"सर..." त्याला भीती वाटत होती आणि शरमही वाटत होती, आणि दोन्हींतलं जास्त काय ते कळत नव्हतं. गाडीत बसल्या बसल्या याच बाईला त्यानं किती सहज मारून टाकलं होतं. "सर, मी नाही खोडत तिला. सही नाही करत. उद्या नाही गेला प्रबंध तरी चालेल."

सरांनी वाकून पेन उचललं, त्यावरची माती पुसली आणि खिशाला लावलं.

दूर रस्त्यावर गाडीची धूळ दिसू लागली. म्हातारी गात होती. पहिली झाली, दुसरी झाली. मकरंद एकेक मोजत होता. सात झाल्या. आठवीही झाली. आता नाव यायला हवं होतं.

ते येईना. जातं नुसतं फिरत राहिलं.

मकरंदनं दोन्ही हातांनी दगडाची कड घट्ट धरली. समोरची बाभळ, रस्ता, धूळ, सगळं त्याला एकाएकी फिकट दिसू लागलं.

"सर... ती मला विसरली तर?"

सरांनी त्याच्या मांडीवरचा प्रबंध उचलला. हातात तोलून पाहिला आणि पुन्हा त्याच्या पुढ्यात ठेवला.

"त्या ओव्या सोडल्या, तर या तीनशे बारा पानांतली कुठली ओळ तिच्या लक्षात राहील?"